बंद खोलीतला खून जुना झाला म्हणून सोडू नकोस
अरे रहस्यकथेतली बंद खोली, वादळात अडकलेले पाहुणे हे सगळं वाचकाला पाठ असतं, आणि तेच तुझ्या फायद्याचं आहे. सगळ्यात साधा माणूसच खुनी निघणार म्हणून वाचक पहिल्या पानापासून त्याच्यावरच डोळा ठेवून बसतो, तेवढ्यात खरा क्लू तू दुसरीकडे उघड ठेवून द्यायचा, एखाद्या भांडणाच्या मधोमध, कारण तिथं सगळं लक्ष भांडणाकडे असतं. लपवाछपवी मात्र नको हं. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथाकाराने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले होते, त्यातला डिटेक्टिव्हला सापडलेला क्लू वाचकालाही दाखवायचा हा मी पाळतोच, बाकीचे मोडले तरी चालतं (माझं मत). आणि खुनी आधीच सांगून टाकलास तरी सस्पेन्स राहतो, मग तो सापडतो कसा यात वाचक अडकतो.