स्पर्धेच्या तोंडावर : पोहणाऱ्या मुलांच्या पालकांचे प्रश्न

माझी मुलगी ११ वर्षांची. मागच्या जिल्हा स्पर्धेत ५० मीटर ब्रेस्ट स्ट्रोकमध्ये तिसरी आली म्हणून आम्ही पेढे आणायला निघालो, तर निकालात तिच्या नावापुढे ‘डिसक्वालिफाइड’. एक हात आधी लागला म्हणे. यंदा वेग वाढवायला काय करावं? – पालक, सांगली

वेगाचं नंतर बघू, आधी टच पक्का करा. ब्रेस्ट स्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये टर्नला आणि शेवटी दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात. ते एका पातळीत नसले तरी चालतं, वर-खाली असले तरी चालतं, पण एकावर एक ठेवलेले नकोत आणि मागेपुढे तर नकोतच.

चूक होते ती शेवटच्या हातभर अंतरात. भिंत जवळ दिसते, पूर्ण स्ट्रोक बसत नाही, दम संपलेला असतो आणि उजवा हात आपोआप पुढे जातो. मुलं ताजीतवानी असताना हे कधीच दिसत नाही. म्हणून टचचा सराव प्रॅक्टिसच्या शेवटी, मुलगी दमलेली असताना घ्यायला सांगा. दहा मीटरवरून जोरात येऊन टच, असं आठ-दहा वेळा. कोचने भिंतीपाशी वाकून हात बघायचे. शिवाय एरवीच्या सावकाश फेऱ्यांतही एका हाताने भिंत धरायला बंदी. आळशी टच रोज चालवून घेतला, की स्पर्धेत तोच येतो.

टच नीट केला की वेळही वाचतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बटरफ्लायला मिलोराद चाविच जवळजवळ पोहोचला होता. तो हात लांबवून तरंगत आला, अमेरिकेच्या मायकेल फेल्प्सने मध्ये आणखी एक छोटा हात मारला. ५०.५८ आणि ५०.५९. सुवर्ण फेल्प्सला.

मुलगी मेडले (एकाच रेसमध्ये चारही स्ट्रोक) पोहत असेल तर बॅक स्ट्रोककडून ब्रेस्टकडे वळताना भिंतीला हात लागेपर्यंत पाठीवरच राहायचं, हेही घोटून घ्या. या वयात पदकं जातात ती बहुतेक अशाच जागी. आणि स्टार्ट चुकला तर दुसरी संधी नसते, सुटायच्या सिग्नलआधी निघालात की बाहेर.

आमच्या गावचा टँक २५ मीटरचा, सूर मारायचे ब्लॉकही नाहीत. राज्य स्पर्धा बालेवाडीला ५० मीटरच्या टँकवर. मुलगा १३ वर्षांचा आहे. काही वेगळी तयारी? – वडील, सातारा जिल्हा

पहिली गोष्ट, २५ मीटरच्या टँकमधला वेळ ५० मीटरवर येणार नाही. लहान टँकमध्ये टर्न जास्त, आणि प्रत्येक टर्नला भिंतीचा फुकट धक्का मिळतो. १०० मीटरला तिथे तीन टर्न, मोठ्या टँकमध्ये एकच. मुलाला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर बोर्डावरचा आकडा बघून तो खचेल.

मोठ्या टँकमध्ये मुलं पस्तिसाव्या मीटरपाशी बावचळतात, कारण एरवी तिथे भिंत येऊन गेलेली असते. भिंतीला हात न लावता दोन मीटर अलीकडूनच वळून पुन्हा पोहायचं, असा सराव आठवड्यातून दोनदा घ्या. धक्का न मिळता पोहत राहायची सवय होते. बॅक स्ट्रोक असेल तर भिंतीपासून ५ मीटरवर झेंड्यांची दोरी लावा. टँकवर नसेल तर साधी सुतळी आणि कापडाचे तुकडे चालतील. दोरी डोक्यावरून गेली की भिंतीपर्यंत किती हात लागतात, ते मुलाला पाठ हवं.

ब्लॉकची हौस म्हणून उथळ टँकमध्ये स्टूल ठेवून सूर मारायला लावू नका. ब्लॉकखाली किमान १.३५ मीटर पाणी हवं, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि नवशिक्यासाठी मी तेवढंही कमीच मानते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी टँक सरावाला खुला असला तर लवकर जा आणि तिथल्या ब्लॉकवरून कोचच्या देखरेखीखाली सूर मारून घ्या.

शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ प्रॅक्टिस करून घेतो आहे. शिवाय पाण्याखाली एका श्वासात २५ मीटर जायला लावतो, स्टॅमिना वाढतो म्हणून. बरोबर ना? – वडील, नाशिक

दोन्ही थांबवा. दुसरं तर आजच.

भराभर खोल श्वास घेऊन पाण्याखाली जाताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झालेला असतो. श्वास घ्यावासा वाटण्याची खूण उशिरा मिळते आणि मूल गुपचूप बेशुद्ध होतं. हातपाय मारणं नाही, ओरडणं नाही. चांगले पोहणारेच यात जास्त सापडतात, कारण त्यांना रोखून धरायची जिद्द असते. पाण्याखालची किक शिकवायचीच तर कोचने, थोड्या अंतराची, मध्ये पूर्ण विश्रांती देऊन. स्पर्धेतही फ्रीस्टाइल, बॅक आणि बटरफ्लायला १५ मीटरच्या आत डोकं वर यावंच लागतं.

आणि एका आठवड्यात स्टॅमिना वाढत नाही, फक्त थकवा साठतो. शेवटचे तीन-चार दिवस अंतर कमी करा, पण वेगाचे छोटे तुकडे, स्टार्ट आणि टर्न चालू ठेवा. पूर्ण सुट्टीही नको, हातातली पाण्याची पकड जाते.

स्पर्धेच्या दिवशी काय खायला द्यावं? तिच्या रेस सकाळी नऊला आणि दुपारी एकला आहेत. – आई, ठाणे

जे रोज पचतं तेच. पोहे, उपमा, इडली यांपैकी काहीतरी, रेसच्या दोन-अडीच तास आधी, तेल बेताचं. नऊची रेस झाली की पहिल्या अर्ध्या तासात केळं किंवा खजूर, मग दहा-साडेदहाला दहीभात किंवा पोळीचा रोल, आणि बारानंतर फक्त घोट घोट पाणी. टँकबाहेरचा वडापाव रेस संपल्यावर खुशाल खाऊ द्या. कोणीतरी दिलेलं एनर्जी ड्रिंक मात्र नको.

खाण्यापेक्षा मुलं गारठून जास्त हरतात. वॉर्म-अप आणि रेस यांच्यात तासभर ओल्या कॉस्च्युमवर बसलेलं मूल ब्लॉकवर चढतं तेव्हा वॉर्म-अपचा काही उपयोग उरलेला नसतो. दोन टॉवेल, जॅकेट, पायात मोजे. अंग कोरडं, डोकंसुद्धा.

मुलगी १३ वर्षांची, स्पर्धेच्या तारखांनाच पाळी येईल असं दिसतंय. सासूबाई म्हणतात नाव काढून घ्या, मैत्रीण म्हणते गोळ्या द्या. – आई, कोल्हापूर

नाव काढायचं कारण नाही. पाळीत पोहता येतं, जगभरच्या मुली पोहतात. गोळ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय अजिबात नकोत, आणि एका स्पर्धेसाठी तर मी विचारायलाही जाणार नाही.

नेहमीचं पॅड पाण्यात चालत नाही, ते फुगतं. टॅम्पॉन, कप किंवा खास पाळीसाठीचा पोहण्याचा कॉस्च्युम, यातलं तिला जे सोयीचं वाटेल ते. पण पहिला प्रयोग स्पर्धेच्या दिवशी नको, आधीच्या महिन्यात प्रॅक्टिसला करून बघा. गडद कॉस्च्युम, वर घालायला गडद पँट, टँकवर एखादी ताई किंवा मॅडम जिला ती न लाजता सांगू शकेल. पोट फार दुखत असेल आणि तिलाच नको वाटत असेल तर माघार घ्या. निर्णय तिचा असू द्या, सासूबाईंचा नाही आणि तुमचाही नाही.

नातू चौथा आला की रडतो, आणि त्याचे बाबा स्टॉपवॉच घेऊन तिथेच हिशेब मांडतात. मी काय करू? – आजोबा, पुणे

आजोबा, स्टॉपवॉच तुमच्या खिशात ठेवा. रेसनंतर मुलाने आधी कोचकडे जायचं, मग घरच्यांकडे, असा नियम कोचकडूनच करून घ्या, म्हणजे घरात भांडण नको. रडू द्या, पाणी द्या. चुका सांगायच्या त्या दोन दिवसांनी, आणि कोचने.

दहा वर्षांच्या मुलासाठी महागडा रेसिंग सूट घ्यावा का? – पालक, नवी मुंबई

नको. अमेरिकेत १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना असे सूट स्पर्धेत घालायला २०२० पासून बंदी आहे. त्या पैशांत दोन चांगले गॉगल आणि दोन कॅप येतात. दोन अशासाठी, की पट्टा तुटतो तो नेमका कॉल रूममध्ये, रेसआधी मुलांना जमवतात तिथे. आणि नवा गॉगल असेल तर तो घालून आधी पंधरा-वीस सूर मारून बघा. सूर मारताना गॉगल तोंडावर उतरत असेल तर पट्टा कॅपच्या आत घ्या, वर दुसरी कॅप चढवा.