मोटर होमच्या मागं फोर बाय फोर पिकअप ओढली, अपघात झाला, आता केस

नमस्कार भाऊ,

तुमचं सगळं नीट वाचलं, बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत सांगतो. कर्नाटकातल्या खानापूरहून जांबोटी, चोर्ला घाट करत गोव्याला निघालेलात, पुढं ट्रॅव्हलर व्हॅनवर बनवलेलं तुमचं मोटर होम, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, मागं लोखंडी फ्रेमला जोडलेली मेहुण्याची एमएच ०९, म्हणजे महाराष्ट्र पासिंगची फोर बाय फोर पिकअप, चारी चाकं रस्त्यावर, आत स्टेअरिंगला कुणी नाही. जांबोटीच्या पुढं तिन्हीसांजेला एक बाईकवाला मागनं येऊन पिकअपला धडकला, त्याच्या पायाचं हाड मोडलं. दोन्ही गाड्या ठाण्यात लावल्यात, तुमच्यावर गुन्हा दाखल झालाय, आणि दोस्तमंडळी म्हणालेत की पिकअप बंद पडली होती म्हणून ओढून नेत होतो असं सांगून टाक, सुटशील.

तेवढं सोडून सगळं करा. हे पहिलं सांगतो कारण बाकीची सगळी केस ह्याच्यावर उभी राहणार आहे.

दोस्तांना हे सुचलं कुठनं तेही समजून घ्या. २०१७ ची जी मोटार वाहन ड्रायव्हिंगची नियमावली आहे तिच्यात दुसरी गाडी ओढायला परवानगी आहे ती बंद पडलेल्या गाडीला, कंपनीत पूर्ण जोडणी न झालेल्या गाडीला, किंवा रजिस्टर्ड ट्रेलर नाहीतर साईडकारला. चालू कंडिशनची पिकअप फिरायला सोबत हवी म्हणून मागं बांधून न्यायची, हे त्यात कुठंच बसत नाही. आणि समजा बंद पडलीच होती असं धरलं तरी नियम सुटत नाहीत की, ओढल्या जाणाऱ्या गाडीत लायसन्सवाला माणूस स्टेअरिंगला पाहिजे किंवा पुढची चाकं क्रेनसारख्या साधनानं रस्त्यावरनं उचललेली पाहिजेत, दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरच्या आत, मागं ठळक ‘ऑन टो’ असा बोर्ड, आणि वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत. ह्यातलं तुमच्याकडं अंतर सोडलं तर काय होतं? म्हणजे खोटं बोलूनही सुटका नाही, उलट आरटीओचा इन्स्पेक्टर गाडी तपासायला येणार, किल्ली मारणार, पिकअप एका झटक्यात सुरू होणार आणि त्याच्या रिपोर्टात तसं लिहिलं जाणार. त्यानंतर तुमच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

तुम्ही लिहिलंय की गाडीच्या पुस्तकात ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारा भाग) न्यूट्रलला टाकून ओढता येते असं दिलंय आणि अमेरिकेतल्या व्हिडिओत सगळे असंच नेतात. दोन्ही खरं आहे. ट्रान्सफर केस न्यूट्रलला असली की चाकं फिरली तरी गिअरबॉक्स फिरत नाही, त्यामुळं तेलाविना गिअर जळायची भीती राहत नाही, म्हणून तिकडं मोटर होमच्या मागं फोर बाय फोर लावायची पद्धत आहे. पण पुस्तक सांगतंय ते मशीनला काय सोसतं तेवढंच, आपल्या रस्त्यावर काय चालतं ते नाही. आणि तिकडं बऱ्याच ठिकाणी मागच्या गाडीला वेगळी ब्रेकची सोय करतात, पुढच्या गाडीच्या ब्रेक लाईटची आणि इंडिकेटरची वायर मागच्या गाडीपर्यंत नेतात. तुमच्या पिकअपचे मागचे दिवे पेटत होते का? हे तुम्ही लिहिलेलंच नाही आणि माझ्या मते अख्ख्या केसमधला सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे.

कारण चलन वेगळं आणि गुन्हा वेगळा. टोइंगचा, म्हणजे गाडी ओढून नेण्याचा नियम मोडला, फ्रेम वेल्डिंग करून चेसिसला बसवली आणि आरसीवर नोंद नाही, ह्याचा दंड होईल, विनापरवाना बदलाबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ए खाली बदलामागं पाच हजारापर्यंत दंड आहे आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे, तिथं फार भांडू नका. पण भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ (बेदरकार गाडी चालवणं) आणि १२५(ब) (निष्काळजीपणानं गंभीर दुखापत) लावलंय, त्यात हाड मोडलं म्हणजे गंभीर दुखापत आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, तिथं मात्र पुरतं लढायचं. जामीनपात्र आहे, घाबरू नका. नियम मोडला म्हणजे आपोआप निष्काळजीपणा सिद्ध झाला असं होत नाही, त्या निष्काळजीपणामुळंच अपघात झाला हे सरकारी पक्षाला दाखवावं लागतं. बाईकवाला मागनं आला, त्याचा वेग किती, हेडलाईट होता का, तुम्ही एकदम ब्रेक मारला का, पिकअपचे रिफ्लेक्टर दिसत होते का. डॅशकॅम असेल तर कार्ड आजच काढून जपून ठेवा, जागेचे फोटो घ्या, पंचनाम्याची कॉपी मागा. आणि दिवे बंद होते हे जर खरं असेल तर तुमच्या वकिलाला आधी सांगा, कोर्टात कळायला नको.

पोलिस पिकअपला ट्रेलर म्हणालेत आणि ट्रेलरचं रजिस्ट्रेशन कुठंय विचारालेत. कायद्यातली ट्रेलरची व्याख्या रुंद आहे, मोटार गाडीनं ओढली जाणारी गाडी असंच म्हटलंय, त्यामुळं त्यांचं बोलणं अगदीच हवेतलं नाही. पण पिकअप स्वतःच रजिस्टर्ड मोटार वाहन आहे, तिला परत ट्रेलर म्हणून नंबर घ्यावा लागतो हे मला पटत नाही, तसं लेखी उत्तर द्या. एमएच पासिंगचं टेन्शन सोडा. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांच्या वर ठेवली तर नवीन नंबरचा प्रश्न येतो, मेहुण्याची गाडी चार दिवसांसाठी आणली त्यात काही नाही.

इन्शुरन्सचं मात्र मनावर घ्या. मोटर होमची कंपनी आणि पिकअपची कंपनी, दोघांनाही लेखी कळवा, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ खाली ती तुमची जबाबदारी आहे. दोन्ही पॉलिसी काढून टोइंगबद्दल काय लिहिलंय ते वाचा, जिथं टोइंग चालतं तिथंही सहसा बंद पडलेली एकच गाडी, तीही भाडं न घेता, असं असतं. पिकअपचं स्वतःचं नुकसान मिळणं अवघड दिसतंय, मेहुण्याला ते आत्ताच सांगून टाका. जखमी माणसाचं वेगळं आहे, त्यानं सहा महिन्यांच्या आत क्लेम ट्रिब्युनलला, म्हणजे अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या कोर्टाला अर्ज घातला तर पॉलिसीच्या अटी मोडल्या म्हणून कंपनी हात वर करायला बघेल, आणि कोर्टानं आधी कंपनीला भरायला लावून मग तुमच्याकडनं वसूल करायची मुभा दिली असंही होऊ शकतं. त्या पोराला दवाखान्याला मदत करा, जरूर करा, माणूस जखमी आहे, पण पावती ठेवा आणि स्टॅम्प पेपरवर परस्पर मिटवामिटवी करू नका, त्यानं क्लेम थांबेल असा भरवसा नाही.

गाड्या सोडवायला खानापूरच्या जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टात अर्ज द्यायचा, आरसी, इन्शुरन्स, लायसन्स, आधार जोडून. पिकअपसाठी मेहुण्याच्या नावानं वेगळा अर्ज लागेल कारण आरसी त्याच्या नावावर आहे. गाड्या ठाण्यात महिनोन्महिने सडवत ठेवू नयेत हे सुप्रीम कोर्टानं २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई केसमध्ये सांगितलंय, वकिलाला त्याचा दाखला द्यायला सांगा.

राहिलं कन्नडचं, म्हणजे पोलिसांच्या कन्नड कागदांचं. कागदावर काय लिहिलंय ते कळत नसेल तर तसं स्पष्ट सांगा आणि मराठीत समजावून घेतल्याशिवाय कशावरच सही करू नका. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर तर सही करायची नसतेच, कायद्यातच तसं आहे, पंचनामा आणि जप्तीच्या कागदाचं वेगळं. गाडी कोण चालवत होतं एवढं विचारलं तर खरं नाव द्या, ते लपवता येत नाही. नोटीस आली तर दिलेल्या तारखेला हजर राहा, बाकीची हकीगत वकील सोबत असताना.

आणि सुट्टीत परत गोव्याला जायचं असेल तर पिकअप मेहुण्याला चालवत आणायला सांगा, नाहीतर भाड्याच्या फ्लॅटबेडवर, म्हणजे गाडी वर चढवून नेणाऱ्या सपाट ट्रकवर घालून पुढं पाठवा. रजिस्टर्ड, इन्शुरन्स असलेल्या ट्रेलरवर चढवून नेणं कागदावर चालेल, पण पिकअपच दोन टनांच्या आसपास भरते, वर ट्रेलरचं वजन, आणि ट्रॅव्हलरला घेऊन चोर्ल्याची वळणं उतरायची, ते मी करू देणार नाही.