धुळीच्या ट्रॅकवर घाई करू नकोस

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र आणि सोबतचे लॅप टाइम दोनदा वाचले. पहिल्या प्रॅक्टिसला गाडीचं नाक वळणात आत येईना, म्हणून तू गाडीचं नाक खाली दाबणारी पुढची विंग वाढवलीस, वळणात गाडीचं कलणं रोखणारा पुढचा अँटी-रोल बार मऊ केलास. मग दुपारी क्वालिफाइंगला, म्हणजे शर्यतीतली सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या सत्रात, गाडीची मागची बाजू सुटायला लागली. गाडीत नेमकं काय बिघडलं, हा तुझा प्रश्न. काहीच बिघडलं नव्हतं. सकाळी लाइनवर, म्हणजे सगळ्या गाड्या ज्या वाटेने धावतात तिथे, धूळ होती, दुपारपर्यंत बाकीच्या गाड्यांनी ती झाडून टाकली होती. तू गाडी बसवलीस सकाळच्या ट्रॅकला आणि चालवलीस दुपारच्या ट्रॅकवर. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी एका सकाळी तीनदा विंग बदलली होती, तेव्हा शरमू नकोस.

टायर दोन तऱ्हांनी पकड मिळवतो. एक म्हणजे रबर डांबरातल्या खडीच्या खाचखळग्यांत दबतं आणि त्यांचा आकार घेतं. दुसरं, ते पृष्ठभागाला अक्षरशः चिकटतं, पण त्यासाठी दोघांच्या मध्ये काही असून चालत नाही. धुळीचा पातळ थर आला की हे चिकटणं आधी जातं. कण टायरखाली छर्‍यांसारखे सरकतात. इथपर्यंत सगळ्यांनाच कळतं. पुढचं मात्र बरेच जण विसरतात. पकड नाही म्हणून टायरवर पुरता भार येत नाही, भार नाही म्हणून तो आतून तापत नाही, आणि थंड टायर आणखी घसरतो. घसरताना वरचं रबर फाटतं, त्याच्या बारीक वळकट्या होतात. हेच ग्रेनिंग. पिटमध्ये असा टायर पाहिला की वाटतं, कंपाउंड (रबराचा प्रकार) चुकलं किंवा सेटअप चुकला. पुढच्या टायरला ग्रेनिंग झालं की अंडरस्टिअर येणारच, म्हणजे स्टिअरिंग वळवूनही नाक आत येत नाही. त्यावर विंग वाढवणं म्हणजे ताप उतरायची वाट न बघता थर्मामीटर बदलणं.

म्हणून पहिल्या सत्रातल्या टाइमवर विश्वास ठेवू नकोस. प्रत्येक गाडी थोडी धूळ उडवते, थोडं रबर मागे सोडते. कोणी काहीही न करता सगळ्यांचेच टाइम खाली येतात. हंगेरीतल्या हंगारोरिंग ट्रॅकची ख्याती हीच आहे: शुक्रवारी धुळकट आणि निसरडा, रविवारपर्यंत बराच सुधारलेला. आणि रात्री वारा सुटला की केलेल्या कमाईतली बरीचशी परत जाते. बहरीनच्या साखिर ट्रॅकला तर सभोवती वाळवंटच. 2004 च्या पहिल्या शर्यतीआधी तिथे आजूबाजूच्या वाळूवर चिकट द्रव फवारला होता, ती उडून ट्रॅकवर येऊ नये म्हणून. त्या ट्रॅकच्या डांबराची खडी मुद्दाम इंग्लंडमधल्या श्रॉपशायरहून आणलेली, चांगली पकड देणारी. पण खडी कितीही उत्तम असो, वर वाळू बसली की तिची आणि टायरची गाठच पडत नाही.

आता लाइन सोडण्याबद्दल. 2011 मध्ये दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर काही वळणांची तोंडं मुद्दाम रुंद ठेवली होती, ओव्हरटेकिंगला वाव मिळावा म्हणून. कागदावर छान. पण जिथून कोणी जात नाही तिथली धूळ जाणार कशी? आतून घुसायचंच असेल तर ब्रेक नेहमीपेक्षा आधी लाव आणि चाकं सरळ असतानाच जास्तीत जास्त वेग उतरव. धुळीवर ब्रेक आणि स्टिअरिंग एकत्र मागितलंस तर दोन्ही मिळणार नाहीत. लाइनवर परत आल्यावर लगेच हल्ला नको. धूळ दोन-तीन वळणांत टायरवरून जाते. मार्बल्स, म्हणजे टायरमधून सुटलेले रबराचे गोळे, जास्त चिवट असतात. ते गरम टायरला चिकटतात आणि त्यांच्यासोबत थरथर येते. स्टिअरिंग थरथरतंय की नुसतंच हलकं लागतंय, यावरून तुला फरक कळेल.

ग्रिडचंही, म्हणजे शर्यत सुरू होताना गाड्या उभ्या राहतात त्या जागांचंही, तेच. पोल, म्हणजे सर्वांत पुढची जागा, मिळाला म्हणून हुरळून जाऊ नकोस, आधी तो कुठल्या बाजूला आहे ते बघ. 1990 ला जपानमधल्या सुझुकाला फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर आयर्टन सेना याचा पोल धुळीच्या बाजूला होता. बाजू बदलून मागितली, मिळाली नाही. सुरुवात त्याचा प्रतिस्पर्धी अलँ प्रोस्त याने चांगली घेतली आणि पहिल्याच वळणात दोघं एकमेकांवर आदळले. मोटरसायकलवाल्यांनी तर याहून पुढची मजल मारली: 2004 ला कतारमध्ये मोटोजीपी रायडर व्हॅलेंटिनो रॉसीच्या मेकॅनिकांनी त्याच्या ग्रिडच्या जागेवर स्कूटरचं चाक फिरवून रबर घातलं, आणि त्याची शिक्षा म्हणून त्याला मागून सुरुवात करावी लागली. तुला कायदेशीर उपाय पुरे आहेत: फॉर्मेशन लॅपला, म्हणजे शर्यतीआधीच्या संथ फेरीत, टायर नीट तापव, इंजिनचा आरपीएम नेहमीपेक्षा कमी धर, क्लच जरा हळू सोड. चाक जागच्या जागी फिरलं की संपलं.

यंत्राबद्दल थोडक्यात. दुसऱ्याच्या मागे लागून धावताना त्याची धूळ तुझ्या रेडिएटरमध्ये आणि ब्रेकना हवा देणाऱ्या डक्टमध्ये जाते. तापमान हळूहळू चढतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. सरळ पट्ट्यावर अधूनमधून गाडीभर बाजूला सरक, हवा मिळू दे. पण धुळीत चाक घालण्याइतकं नको. हेल्मेटच्या काचेवर टेअर-ऑफ (मळली की ओढून काढायची पातळ फिल्म) एकदोन जास्त लाव. आणि बारीक वाळू फिल्टरमधून निसटली तर सिलिंडरच्या भिंतींवर पॉलिश पेपरसारखी चालते.

पुढच्या वेळी पहिल्या सत्रात गाडीला हात लावू नकोस, फक्त लिहून काढ: कुठल्या लॅपला कुठल्या वळणात काय झालं, वारा कुठून होता, तुझ्याआधी त्या दिवशी कुठल्या गाड्या धावून गेल्या. तो कागद मला पाठव, मग विंगचं बोलू. आणि या गाडीचा एअर फिल्टर झटकून परत बसवला असशील तर आजच काढ आणि नवा घाल.

तुझा,
जुना इंजिनिअर