‘बघते तर काय, दारात पाणी!’ हे इंग्रजीत कसं लिहायचं?

कोथरूडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या अकरावीतल्या मुलीनं आजीकडून ऐकलेली पानशेतच्या पुराची हकिकत इंग्रजीत लिहिली. शिक्षकांनी पाच क्रियापदांना लाल गोल केले आणि समासात ‘टेन्स शिफ्ट’ असं लिहिलं. ताई विचारतात, आजी मराठीत अगदी असंच सांगते, मग इंग्रजीत ते चूक कसं? आणि याला मराठी शब्द कोणता?

आधी आजींचं सांगणं बघू. 12 जुलै 1961, पानशेतचं धरण फुटलं तो दिवस. आजी तेव्हा नारायण पेठेत राहायच्या. ‘मी धावत घरी आले. बघते तर काय, वाड्याच्या दारात पाणी! आई म्हणाली, आपण पर्वतीवर जातोय. थोडं पुढे जाऊन वळून पाहते, तर नदीकाठची घरं दिसतच नाहीत.’

यात ‘आले’, ‘म्हणाली’ भूतकाळी आणि ‘बघते’, ‘पाहते’, ‘दिसत नाहीत’ वर्तमानकाळी. तरी मराठी कानाला कुठेही खटकत नाही. ‘बघते तर काय’ म्हणताच ऐकणारा त्या लहान मुलीच्या डोळ्यांनी बघू लागतो, आणि तिला जे समोर दिसतंय ते वर्तमानातच येतं. आपल्या सांगण्याची ही फार सुंदर रीत आहे. मुलीला ती चूक म्हणून शिकवू नका, एवढी माझी कळकळीची विनंती.

आपल्याकडे क्रियापदाचं रूप आणि प्रत्यक्षातली वेळ यांची गाठ तशी सैलच असते. घरातून ‘आलेच हं!’ अशी हाक येते तेव्हा बोलणारी अजून स्वयंपाकघरातच असते. ‘पोचलो की फोन करतो’ यात पोचणंही पुढचं आणि फोनही पुढचा, पण एक रूप भूतकाळाचं, दुसरं वर्तमानाचं. म्हणून मला जुन्या व्याकरणकारांचं कौतुक वाटतं. त्यांनी रूपांना प्रत्ययांवरून नावं दिली : ‘येतो’ हे ताख्यात, ‘आला’ हे लाख्यात, ‘येईल’ हे ईलाख्यात. रूप वेगळं आणि त्यातून निघणारा काळ वेगळा, हे या नावांतच आहे. शाळेत मात्र आपण दोन्हींना ‘काळ’ म्हणतो. इंग्रजीत वेळेला ‘टाइम’ आणि रूपाला ‘टेन्स’ असे दोन शब्द आहेत.

आता मुलीचं इंग्रजी. ‘आय रॅन होम. आय सी वॉटर ॲट द डोअर. मदर सेड वी आर गोइंग टू पर्वती.’ लिखित इंग्रजीत हकिकतीची खुंटी एकदा भूतकाळात ठोकली की पुढची क्रियापदं तिलाच टांगायची. ‘सी’चं ‘सॉ’ होईल. मराठीत आईचं बोलणं सांगताना तिचा काळ तिच्यापाशीच राहतो, ‘म्हणाली की आपण जातोय’. इंग्रजीत तोही एक पायरी मागे सरकतो : ‘मदर सेड वी वेअर गोइंग’. अवतरणचिन्हांत तिचेच शब्द दिले, तर ‘वी आर गोइंग’ तसंच राहील. आपल्या मुलांची सगळ्यात जास्त गडबड इथेच होते, आणि ती आळसातून होत नाही, मराठीच्या सवयीतून होते.

पण मग ‘बघते तर काय’मधला धक्का? तो इंग्रजीत शब्दांच्या क्रमातून आणता येतो : ‘अँड देअर, ॲट द डोअर, वॉज वॉटर.’ क्रियापद भूतकाळातच राहिलं, पण पाणी शेवटी आलं आणि दचकवून गेलं. सगळी हकिकतच वर्तमानात सांगायची असेल तर इंग्रजीत तेही चालतं. मात्र पहिल्या वाक्यापासून तसं ठरवावं लागतं.

शब्दाचं म्हणाल, तर ‘शिफ्ट’ला ‘काळबदल’ पुरेसा आहे. बदल चूकही असू शकतो, बरोबरही. चूक दाखवायची तेव्हा मी ‘काळाची सांगड सुटली’ असं म्हणतो. घरी तपासायला एक उपाय : फक्त क्रियापदं एकाखाली एक लिहून मोठ्यानं वाचायची. ‘रॅन, सी, सेड, आर’ असं म्हटलं की कान स्वतःच अडखळतो.

ताईंनी वहीचं पान पाठवलंय. पाचातले चार गोल योग्य आहेत. पाचवा आहे शेवटच्या वाक्यावर : ‘माय ग्रँडमदर स्टिल रिमेंबर्स दॅट वॉटर.’ पूर 1961 सालचा, पण आठवण आजची आहे, आजी आजही ती सांगतात. तिथे वर्तमानकाळच हवा. मुलीला म्हणावं, तो गोल घेऊन शिक्षकांकडे जा आणि नम्रपणे हे सांग.