कुंद हवा आणि कुंदाची कळी

‘पावसाआधी हवा कुंद होते आणि थंडीत कुंद फुलतो, हे दोन्ही ‘कुंद’ एकच का? फुलाच्या मंद वासावरून ‘कुंद हवा’ रूढ झाली असेल का?’ अशी पृच्छा आहे.

तर्क मोहक असला तरी हे शब्द केवळ उच्चाराने एक आहेत. हवेचा ‘कुंद’ फारसीतला. तिथे त्याचा अर्थ बोथट किंवा मंद असा आहे, आणि हिंदीत आजही धार कुंद होते. मराठीने तो मुख्यतः हवेसाठी राखला: आभाळ भरलेले, वारा पडलेला आणि जीव घुसमटवणारा उकाडा. हे विशेषण अविकारी असल्याने आपण ‘कुंद हवेत’ म्हणतो. फुलाचे मात्र नाम असल्याने ‘कुंदाचा वेल’, ‘कुंदाला बहर’ अशी रूपे होतात.

फुलाचा ‘कुंद’ संस्कृतातून जसाच्या तसा आलेला आहे. अमरकोशात ‘माघ्यं कुन्दम्’ अशी नोंद आहे, म्हणजे ज्या महिन्यात फूल बहरते त्यावरूनच त्याला दुसरे नाव मिळाले. मोगरा, जाई, जुई यांच्याच कुळातले हे झुडूप आधार मिळाला की वेलीसारखे चढते. त्याच्या पानांवर बारीक लव असते आणि फांदीच्या टोकाशी फुलांचे झुबके येतात. वास मोगऱ्याइतका दरवळणारा नाही, आणि माझ्या मते म्हणूनच कवींनी त्याच्या सुगंधापेक्षा शुभ्रतेचे व थंडीचेच कौतुक अधिक केले. ‘या कुन्देन्दुतुषारहारधवला’ या सरस्वतीस्तुतीत कुंद, चंद्र आणि हिम शेजारी बसले आहेत ते उगाच नव्हे. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात तर शकुंतला समोर उभी असताना तिला स्वीकारताही न येणारा आणि सोडताही न येणारा दुष्यंत स्वतःला पहाटेच्या भुंग्याची उपमा देतो, ज्याच्यापुढच्या कुंदात दव साचलेले आहे. ही उपमा मोगऱ्यावर बेतली असती, तर उन्हाळ्याच्या फुलात एवढे दव आणायचे कुठून?

दातांच्या उपमेबाबतही एक सूचना करावीशी वाटते. ‘कुंदाच्या फुलांसारखे दात’ असे हल्ली सर्रास लिहिले जाते, परंतु उमललेल्या कुंदाच्या पाकळ्या चांदणीसारख्या फाकलेल्या असतात. दातांना शोभते ती निमुळती, मिटलेली, पांढरी कळी, म्हणून ‘कुंदकळ्यांसारखे दात’ हाच प्रयोग योग्य होय.