गुराब आणि ‘ग्रॅब’: उलटी गंगा

प्रश्न आलाय की आंग्र्यांच्या आरमारातली गुराब आणि गलबत या जहाजांत फरक काय, आणि गुराब हा शब्द इंग्रजी ‘ग्रॅब’वरून आला का, कारण ती दुसऱ्यांची जहाजं पकडायची. हे दुसरं लॉजिक नाशकातल्या भाषणांत इतक्यांदा ऐकलंय की आता डोकंच फिरतं. अहो, उलटं आहे! आपल्या गुराबचं इंग्रजांनी ‘ग्रॅब’ केलं. पकडणे अर्थाचा ग्रॅब वेगळा, तो डच-जर्मन बाजूने आलेला, त्याचा इथे सुतराम संबंध नाही.

गुराब मूळ अरबी, अर्थ चक्क कावळा! रामकुंडावर पिंडाला शिवायची आपण वाट बघत बसतो तोच. आता जहाजाला कावळा का, तर काही पंडित म्हणतात डांबर फासून काळी दिसायची म्हणून. काहीतरीच! डांबर काय एकट्या गुराबेलाच फासायचे? माझं म्हणणं, चोच बघा. गुराबेची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लांब, निमुळती, पुढे आलेली, आणि तिच्यावरून दोन तोफा थेट समोर मारा करणार. वारा पडला की ईस्ट इंडिया कंपनीचं मोठं जहाज जागेवर खिळायचं, मग गलबतं वल्ही मारत गुराबेला ओढत त्याच्या पिछाडीला आणायची, आधी डोलकाठ्या-शिडं फोडायची आणि मग तलवारी घेऊन माणसं थेट वर. १७३५ मध्ये संभाजी आंग्र्यांच्या आरमाराने कंपनीचं ‘डर्बी’ जहाज धरलं तेही आधी डोलकाठ्या पाडूनच. चोच मारणं म्हणजे अजून काय असतं?

रोमन लोकही शत्रूच्या जहाजात खिळा रुतवणाऱ्या पुलाला कॉर्व्हस म्हणायचे, म्हणजे परत कावळाच. आणि गंमत म्हणजे आमारी नावाच्या इटालियन अभ्यासकाने ‘कॉर्व्हेट’ हे लढाऊ जहाजाचं युरोपीय नावसुद्धा या गुराबवरूनच बेतलेलं असावं असं सुचवलंय. मला शंभर टक्के पटतं. बाकीचे कोशकार मात्र कॉर्व्हेट टोपलीच्या लॅटिन शब्दावरून लावतात. टोपली! लढाऊ जहाजाला टोपली म्हणणारा खलाशी मला एकदा दाखवाच.

हां, फरक राहिलाच. गलबत लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, फार तर ७० टनांचं. गुराब दोन डोलांची असली तर १५० टनांच्या आसपास आणि तीन डोलांची ३०० पर्यंत. गलबत हा शब्द पोर्तुगीज ‘गालेओता’वरून आला म्हणणाऱ्यांशी माझं वेगळं भांडण आहे, ते पुन्हा कधीतरी.