मलजल केंद्रांवर एवढा खर्च कशासाठी?

प्रश्न : आमच्या इमारतीत दिवसातून जेमतेम दोन तास पाणी येते आणि वरच्या मजल्यांना तेही पुरत नाही. असे असताना मुंबई महापालिका सांडपाण्याच्या सात केंद्रांवर हजारो कोटी रुपये घालत आहे. जुनी केंद्रे चालू असताना नवी कशाला? आणि हा पैसा शेवटी आमच्याच खिशातून जाणार ना?
— गृहनिर्माण संस्थेच्या सचिव, मालाड

उत्तर : जुनी केंद्रे चालू आहेत हे खरे, पण ती नेमके काय करतात हे पाहिले की आपल्या शंकेचे निम्मे निरसन तिथेच होते. वरळी आणि वांद्रे येथे शहराचे मलजल आधी लोखंडी गजांच्या जाळीतून जाते. चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, शाम्पूच्या पुड्या त्या जाळीवर अडकतात आणि खरवडून काढल्या जातात. पुढच्या टाकीत प्रवाहाचा वेग मुद्दाम कमी केला जातो, म्हणजे वाळू आणि बारीक खडे तळाशी बसतात. प्रक्रिया म्हणून जे काही होते ते जवळजवळ एवढेच, आणि त्यानंतर ते पाणी समुद्रतळाखालच्या सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून अरबी समुद्रात सोडले जाते. पाण्यात विरघळलेली घाण, मग ती विष्ठेची असो, साबणाची असो की खरकट्याची, जाळीतून जशीच्या तशी पार होते.

खोल समुद्रात निदान ती पांगते तरी. आपल्या मालाडची स्थिती अधिक बिकट आहे, कारण तिथले पाणी खाडीत जाते, आणि ओहोटीबरोबर बाहेर गेलेले बरेचसे पाणी भरती पुन्हा आत ढकलते. घाटकोपर आणि भांडुप येथे तळ्यांत यंत्रांनी हवा घोळवून काही प्रमाणात शुद्धीकरण होते, मात्र त्या तळ्यांचे पाणीही ठाणे खाडीलाच मिळते. घाण खाणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात, त्यामुळे घाण जितकी जास्त तितका माशांच्या वाट्याचा प्राणवायू कमी. जिवाणूंची प्राणवायूची ही मागणी ‘बीओडी’ या मापाने मोजतात. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेने महानगरांसाठी ही मर्यादा लिटरमागे २० मिलिग्रॅम ठेवली होती, आणि ३० एप्रिल २०१९ च्या आदेशाने राष्ट्रीय हरित लवादाने ती १० वर आणली. नुसत्या जाळीने आणि वाळूच्या टाकीने हा आकडा कधीच गाठता येणार नाही. म्हणून जुन्या यंत्रांची डागडुजी न करता, पाण्यात सतत हवा सोडून जिवाणूंकडूनच घाण खाववणारी नवी केंद्रे बांधावी लागत आहेत.

वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप या सात केंद्रांची एकत्रित क्षमता दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर असेल. त्यांपैकी एकट्या वरळीची ५०० आणि मालाडची ४५४ आहे. १९ जानेवारी २०२३ रोजी या कामाची पायाभरणी झाली, तेव्हा खर्च सुमारे १७,२०० कोटी रुपये सांगितला गेला. त्याआधी कित्येक वर्षे मानके बदलत राहिली, निविदा रखडल्या, मालाडच्या जागेत कांदळवनाचा प्रश्न आला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आजच्या खर्चातला बराच भाग हा उशिराचा दंड आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तो दंड आपण सगळे भरत आहोत.

आता खिशाविषयी. आपल्या संस्थेच्या पाण्याच्या देयकात जलआकाराच्या खाली मलनिःसारण आकाराची वेगळी ओळ असते आणि ती रक्कम जलआकाराच्या टक्केवारीने ठरते. म्हणजे सांडपाणी वाहून नेऊन शुद्ध करण्याचे पैसे आपण पूर्वीपासूनच देत आहात. शुद्धीकरणाचे काम मात्र आजवर अर्धेमुर्धेच होत होते.

प्रश्न : या खर्चामुळे आमच्या नळाला पाणी वाढणार आहे का?
— त्याच वाचक

उत्तर : थेट वाढणार नाही, पण संबंध नक्की आहे. एकूण क्षमतेच्या निम्म्या पाण्यावर आणखी एका टप्प्याची, म्हणजे तृतीय स्तराची प्रक्रिया करण्याची योजना आहे. ते पाणी बागा, रस्ते धुणे, बांधकाम आणि कारखाने यांना चालेल. भातसा आणि वैतरणेहून शंभर-शंभर किलोमीटर आणलेले पिण्याचे पाणी अशा कामांना वापरणे मला फार खुपते. नागपूरने हे करून दाखवले आहे : भांडेवाडी येथे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिले जाते, तितके धरणाचे पाणी वाचते आणि त्या पाण्याचे पैसेही नागपूर महापालिकेला मिळतात. मुंबईत मात्र या पाण्यासाठी वेगळ्या वाहिन्या टाकल्या नाहीत, तर स्वच्छ केलेले पाणीसुद्धा समुद्रालाच मिळेल.

प्रश्न : नगरसेवक मते मागायला येतात, तेव्हा याबद्दल त्यांना नेमके काय विचारावे?
— एक निवृत्त शिक्षक, भांडुप

उत्तर : केंद्र कधी पूर्ण होणार, हा प्रश्न सगळेच विचारतात. आपण त्याच्या पुढचा विचारावा. बांधणाऱ्या कंत्राटदाराकडेच पुढची पंधरा वर्षे केंद्र चालवण्याची जबाबदारी आहे, आणि केंद्र खऱ्या अर्थाने जगते वा मरते ते याच काळात. हवा फुंकणारी यंत्रे चोवीस तास चालावी लागतात. विजेचे बिल वाचवण्यासाठी कोणी ती रात्री बंद ठेवली, तर जिवाणू गुदमरतात आणि पाणी पुन्हा काळे पडते. रोज निघणारा गाळ कुठे जाणार, हेही विचारावे.

दुसरी गोष्ट आपल्या घराजवळची. ज्या वस्त्यांना मलनिःसारण वाहिनीची जोडणीच नाही, तिथले सांडपाणी नाल्यात पडते आणि केंद्राला वळसा घालून खाडीत जाते. शेवटच्या टोकाला कितीही आधुनिक केंद्र उभारले तरी या पाण्याचा एक थेंबही त्यात शिरणार नाही. म्हणून आपल्या प्रभागातील कोणत्या गल्ल्या अजून जोडायच्या राहिल्या आहेत आणि त्यांच्यासाठी या वर्षीच्या अर्थसंकल्पात किती तरतूद आहे, हे त्यांच्याकडून लेखी मागावे. केंद्र सुरू झाल्यावर बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या बीओडीचा आकडा दर महिन्याला प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावण्याची मागणीही त्याच अर्जात घालावी.